ऑर्चर्ड फॉल्सचा सभ्य चोर

ऑर्चर्ड फॉल्समध्ये ना सफरचंदाची बाग आहे, ना धबधबा. मिल्वॉकी शहराला पश्चिमेकडून चिकटलेली ही वस्ती. कुण्या जमीन विकणाऱ्याने मक्याच्या शेतांवर रेघोट्या ओढल्या, घरं उठवली आणि नावात फळं आणि पाणी दोन्ही घालून दिलं. वेशीवर मोठी पाटी आहे: 'राज्यातलं सर्वांत सुरक्षित उपनगर'. दरवर्षी ती नव्याने रंगवतात, आणि ती रंगवता यावी एवढ्यासाठीच गावाने पोलीस खातं पोसलंय, असं डिटेक्टिव्ह मार्लिस ड्युबेकचं प्रामाणिक मत होतं. त्याच खात्यात तिने उमेदीची वर्षं घालवली होती. मार्चअखेरच्या शुक्रवारी ती निवृत्त होणार होती, आणि गावाबद्दल मनात जे काही उरलं होतं त्याला प्रेम म्हणायची तिची तयारी नव्हती.

ती डिटेक्टिव्ह झाली तेव्हा खात्यात दुसरी बाई नव्हती. "बायकांशी बोलायला कुणीतरी हवं," असं तेव्हाचे चीफ म्हणाले. बोलायला म्हणजे त्यांना गप्प करायला, हे तिला पुढे कळलं. सुरुवातीची वर्षं सायकली, अंगणातले सिमेंटचे हंस आणि पोरांनी बॅटीने फोडलेल्या टपालपेट्या शोधण्यात गेली. मग दातांच्या एका डॉक्टरची बायको आली. तिचा हात मोडला होता आणि बर्फावरून घसरले म्हणत होती. जुलै चालू होता. मार्लिस तावातावाने चीफच्या खोलीत गेली, तर ते म्हणाले, "अगं, तो माणूस दर हिवाळ्यात सगळ्या गल्लीचा बर्फ स्वतःच्या यंत्राने साफ करतो. एक पैसा घेत नाही." इथे माणसाचं चारित्र्य असं तपासतात. डॉक्टर अजून दात काढतो आहे, आणि बायको दुसऱ्या राज्यात बहिणीकडे राहते.

अशा प्रकरणांतून मार्लिसला गावाची रीत समजत गेली. इथे कुणी कुणावर ओरडत नाही. शिव्या देत नाही. शेजाऱ्याचा राग आला तर त्याला केळ्याचा केक नेऊन देतात आणि मग सहा वर्षं त्याच्याशी बोलत नाहीत. कुणी मेलं, कुणाला मूल झालं, कुणाचा नवरा पळाला, सगळ्यावर उपाय एकच, नूडल्स आणि चीज घालून भाजलेलं खाणं काचेच्या भांड्यातून नेऊन द्यायचं. भांड्याच्या बुडाला आपल्या नावाची चिकटपट्टी लावायची, म्हणजे भांडं परत येतं. मार्लिसचा नवरा वारला तेव्हा तिच्या दारात अशी इतकी भांडी आली की रडायला तिला सवड मिळाली नाही. ती भांडी घासत बसली होती.

तिची शेवटची केस मात्र चोरीची निघाली, आणि तीही उपवासाच्या दिवसांतली.

ईस्टरच्या आधी चाळीस दिवस इथले कॅथलिक शुक्रवारी मांस खात नाहीत. त्याऐवजी सेंट वॉल्बर्गा चर्चच्या हॉलमध्ये जमून पिठात बुडवून तळलेली मासळी, बटाट्याचे पॅनकेक, कोबीची कोशिंबीर आणि राय धान्याचा पाव पोट फुटेस्तोवर खातात, वर ब्रँडी पितात, आणि या सगळ्याला त्याग म्हणतात. प्रॉटेस्टंट लूथरनही येतात, देव न मानणारेही येतात, कारण मासळी खरोखर उत्तम असते. संध्याकाळी पाचपासून अर्धं गाव त्या हॉलमध्ये आणि अर्धी घरं रिकामी, हे कुणालाही ठाऊक असतं. अशाच एका शुक्रवारी आर्लीन फिस्टर नावाच्या विधवेचं घर फुटलं. त्या महिन्यातलं हे तिसरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्लिस तिथे पोचली तेव्हा फिस्टरबाई कॉफी आणि लिंबाच्या वड्या मांडून बसल्या होत्या, जणू चोरी नव्हे, साखरपुडा झालाय.

"दोन अंगठ्या गेल्या गं, आणि माझ्या आईचा ब्रोच," त्या म्हणाल्या. "शहरातलेच असणार. आता कुणीही येतं आपल्याकडे. मी काही वाईट अर्थाने म्हणत नाही हं."

"कुणीही म्हणजे कोण, आर्लीन?"

"तुला माहितीये मला काय म्हणायचंय."

मार्लिसला माहीत होतं. गावात वाईट अर्थाने कुणीच काही म्हणत नाही. ती उठून घर बघू लागली. पुढच्या दाराची काच हलकेच फोडून कडी काढलेली होती. बाहेर दोन दिवस ओला बर्फ पडत होता, चिखल नुसता. आणि घरातला फिकट पांढरा गालिचा कोरडा, स्वच्छ, एक डाग नाही. जिन्यावर नाही, वर झोपायच्या खोलीत नाही. दाराशी बूट ठेवायचा रबरी ट्रे होता, त्यात मात्र पाणी सुकून मिठाची निळसर पांढरी कड उमटली होती.

"या दाराने तू येतेस का?"

"छे! मी गॅरेजमधून. हा ट्रे पाहुण्यांसाठी. गुरुवारीच तर पुसला."

मार्लिस गुडघ्यावर बसून त्या ट्रेकडे बघत राहिली आणि मग तिला इतकं हसू आलं की ते खोकल्यात दडवावं लागलं. चोराने काच फोडली, कडी काढली, आत पाऊल टाकलं आणि गालिचा पांढरा दिसला म्हणून बूट काढले! नीट ट्रेमध्ये जोडून ठेवले, मोज्यांवर वर गेला, बाईचे दागिने उचलले, खाली आला, बसून बूट घातले आणि निघून गेला. जगात कुठला चोर हे करेल? ज्याला लहानपणी आईने दारात कान धरून उभं केलं असेल तोच. म्हणजे आपल्याच गल्लीतला.

"आर्लीन, बाथरूमच्या कपाटातलं काही गेलं का?"

फिस्टरबाईंचे कान लाल झाले. "गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या त्या दुखण्यावरच्या गोळ्या, सवय लागते म्हणतात त्या... पण ते लिहायची काय गरज आहे? लोक काय म्हणतील, ही असल्या गोळ्या घेते."

चीफ गॉर्डी हॉकन्सनला हे ऐकवलं तेव्हा तो आधी हसला आणि मग घड्याळ बघू लागला. गॉर्डी एकेकाळी गावच्या शाळेच्या फुटबॉल संघाचा म्होरक्या होता. एकदा त्याने राज्याची ढाल जिंकून दिली होती, आणि त्या भांडवलावर तो आजतागायत जगत होता.

"बूट काढणारा चोर," तो म्हणाला. "मार्लिस, तू खरंच निवृत्त व्हायला हवंस."

"गॉर्डी, अंगठ्या दाखवायला नेल्यात. त्याला गोळ्या हव्या होत्या. हा आपल्यातला माणूस आहे."

"आपल्यातला?" त्याने तो शब्द उष्ट्या चमच्यासारखा दूर धरला. "तू मोबाइलवर बघितलं नाहीस का? कॅमेऱ्यात सापडलाय तो."

गावाचा एक मोबाइलवरचा कट्टा होता. दारावरच्या कॅमेऱ्यांत दिसलेली कुत्री, कोल्हे आणि काळी माणसं तिथे टाकायची आणि खाली काळजी व्यक्त करायची, असा त्याचा उपयोग. त्या शुक्रवारी संध्याकाळी फिस्टरबाईंच्या शेजारच्या पायरीवर एक काळा तरुण खोकं ठेवताना दिसला होता. नंतर तो फोनकडे बघत फिस्टरबाईंच्या अंगणातून आडवा गेला. एवढं पुरेसं होतं. खाली दोनशे जणांनी काळजी व्यक्त केली, नगराध्यक्षांनी चीफला फोन केला, आणि बुधवारी रात्री आयझेया प्रूइटला त्याच्या गाडीतून उतरवून आत घातलं.

गुरुवारी मार्लिस त्याच्यासमोर बसली. चोवीस वर्षांचा, उंच, थकलेला. खोकी पोचवायचं काम करून आईकडे राहत होता. त्याने मुद्दामच आवाज चढवला नाही, कारण चढवला तर काय होतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मॅम, पुढच्या खोक्याचा पत्ता फोनवर शोधत होतो, म्हणून अंगणातून गेलो," तो म्हणाला. "माझ्या गाडीत काही सापडलं का?"

"नाही."

"घरी?"

"नाही."

"मग मी इथे का आहे?"

"लोकांच्या घरात शिरताना तू बूट काढतोस का?" तिने विचारलं.

तो तिच्याकडे बघतच राहिला. "मी कुणाच्या घरात शिरत नाही, मॅम. मला कुणी आत घेत नाही." मग तो पुढे वाकला. "हे बघा, मला काय हवं ते विचारा, पण शनिवारी सकाळी आठ वाजता शहरात अग्निशमन दलाची परीक्षा आहे. दोन वर्षं तयारी करतोय. परत कधी घेतील ते सांगत नाहीत. शनिवारी मला तिथे असायलाच हवं. एवढं तुम्ही कुणाला तरी सांगाल का?"

"सांगते," मार्लिस म्हणाली.

तिने सांगितलंही. गॉर्डी म्हणाला, सोमवारच्या आधी कोर्टाची तारीख नाही.

शुक्रवारी, म्हणजे तिच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, मार्लिस दुपारी लवकरच सेंट वॉल्बर्गाच्या हॉलवर गेली. निरोपाचा समारंभ तिथेच मासळीच्या पंगतीत उरकायचा होता, म्हणजे खात्याला वेगळा खर्च नको. गाडीतून उतरून ती चार पावलं चालली आणि थांबली. हॉलसमोरच्या फरशीवर बर्फ वितळवायचं मीठ टाकलेलं होतं, आणि ते निळं होतं. गावात सगळीकडे पांढरं मीठ, नगरपालिकेचं. तिने वाकून चिमूटभर उचललं. बुटाच्या तळालाही ते चिकटलं होतं. आत स्वयंपाकघराची मालकीण बर्नडीन कोबी चिरत होती.

"हे निळं मीठ कुठलं गं?"

"पांढऱ्या मिठाने फादरच्या कुत्र्याचे पंजे भाजतात ना, म्हणून खास मागवलंय. दुप्पट किंमत," बर्नडीनने नाक मुरडलं. "माणसं घसरून पडली तरी चालेल, कुत्रं जपायचं."

आर्लीनच्या ट्रेमधली ती निळसर कड! म्हणजे चोर हॉलमधूनच गेला होता. मासळीच्या पंगतीतून उठून, निळं मीठ बुटाला लावून, आणि कोण कोण इथे बसलंय ते डोळ्यांनी पाहून. "बर्नडीन, पंगत चालू असताना बाहेर कोण जातं?"

"कोण जाणार! गरम मासळी सोडून? फक्त कोच. अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांना डबे नेऊन देतो बिचारा. दोनच घरं आहेत, पण तास लावतो. बोलत बसत असेल त्यांच्याशी. देवमाणूस आहे."

ड्वेन वेंडलांटला गावात नावाने कुणी हाक मारत नसे. तो सगळ्यांचा कोच, बायको जोनीचासुद्धा. शाळेचा फुटबॉल संघ त्याने एक पिढी घडवला. गॉर्डी त्याचाच लाडका चेला. मार्लिसच्या नवऱ्याच्या दफनाच्या दिवशी तिच्या दारातला बर्फ पहाटे उठून यानेच उपसला होता, आणि कुणाला कळू दिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं, हेही तिला आठवलं.

ती सरळ त्याच्या घरी गेली. दार उघडताच तो म्हणाला, "ये ये मार्लिस, बूट तेवढे काढ हं, जोनीने आत्ताच फरशी पुसलीय." मार्लिस हललीच नाही. नुसती त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. आपण काय बोललो ते त्याला हळूहळू उमगलं असावं, किंवा तिच्या डोळ्यांतून कळलं असावं. म्हातारा भिंतीला टेकला.

"जोनी दुकानात गेलीय," तो म्हणाला. "आत ये. तशीच ये."

स्वयंपाकघरात त्याने तिला कॉफी ओतून दिली. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, पाठ दुखायची काही थांबली नाही, आणि ती थांबली तेव्हा गोळ्या थांबल्या नाहीत, असं त्याने सांगितलं. कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कुणाचं खुब्याचं, हे चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी वाचूनच दाखवतात. फक्त गोळ्या गेल्या तर लोकांना संशय येईल म्हणून दागिने उचलायचे. ते तळघरात खोक्यात होते. त्यातलं त्याने काही विकलं नव्हतं. आर्लीनच्या आईचा ब्रोचही होता.

"तो पोरगा आत आहे, कोच. शहरातला."

"ऐकलं मी," तो म्हणाला. "मला झोप नाही दोन रात्री."

"त्यालाही नसेल."

म्हातारा रडायला लागला. एवढा दांडगा माणूस टेबलावर डोकं ठेवून हुंदके देत होता, आणि मार्लिसला दया आली. तिला त्या दयेची चीड आली, पण आली ती दयाच. "आज संध्याकाळी तुझ्यासाठी चार शब्द बोलणार होतो मी," तो म्हणाला. "गॉर्डीने सांगितलं होतं. मार्लिस, एवढी एक संध्याकाळ जोनीला मिळू दे. मग मी स्वतः येतो. शपथ."

ती उठली आणि गॉर्डीकडे गेली. या वेळी गॉर्डी हसला नाही. त्याने दार लावून घेतलं, खुर्चीत बसला, परत उठला.

"कबूल केलंय?"

"माझ्यासमोर. दागिने तळघरात आहेत. आत्ता गाडी पाठव, आणि त्या पोराला सोड."

"हो," गॉर्डी म्हणाला. "हो, नक्की." मग तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. "मार्लिस, साडेपाचला अडीचशे माणसं येणार आहेत. नगराध्यक्ष येणार आहेत. केक आलाय. जोनी पोटॅटो पॅनकेकच्या शेगडीपाशी उभी असणार, तिच्या देखत मी कोचला बेड्या घालू? तुझ्या कार्यक्रमात?"

"माझ्या कार्यक्रमाचं मला काही नाही."

"तुला नाही, पण त्यांना आहे. कागदपत्रं, सरकारी वकील, सगळं सोमवारीच होणार. आज काय न् सोमवारी काय? पोरगा तिथे गरमागरम जेवतोय, त्याला कुणी बोट लावत नाहीये."

"त्याची उद्या परीक्षा आहे, गॉर्डी."

"परीक्षा परत होतात," गॉर्डी म्हणाला, आणि मग ती केविलवाणी गोष्ट केली जी इथे प्रत्येकजण करतो: आवाज खाली आणला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. "कोचने तुझ्या दारातला बर्फ उपसला होता ना गं?"

मार्लिसकडे याला उत्तर होतं. गेली तीस वर्षं तिच्याकडे गावाला द्यायची उत्तरंच तर होती. गाडीत एकटी असताना ती मोठमोठ्याने देत असे. सरकारी वकिलाचा नंबर तिच्या फोनमध्ये होता. तो तिच्या चांगल्या परिचयाचा होता, तिने हाक मारली असती तर तो रविवारीसुद्धा धावून आला असता. एक फोन, आणि आयझेया प्रूइट रात्री आपल्या अंथरुणात झोपला असता. तिने फोन हातातही घेतला. मग तिच्या डोळ्यांसमोर तो हॉल आला. अडीचशे चेहरे, पिठाने माखलेल्या हातांनी शेगडीशी उभी असलेली जोनी, आणि 'मार्लिसने हे आजच करायला हवं होतं का' असं हलक्या आवाजात, अजिबात वाईट अर्थाने नव्हे, एकमेकींना विचारणाऱ्या बायका. तिने फोन पर्समध्ये ठेवला.

"सोमवारी सकाळी आठला," ती म्हणाली. "एक मिनिट उशीर नको."

"तू भली बाई आहेस," गॉर्डी म्हणाला.

समारंभ छान झाला. इथले सगळे समारंभ छानच होतात, त्यांना दुसरं काही होणं येतच नाही. मासळी कुरकुरीत होती. नगराध्यक्ष उठले आणि म्हणाले की पाटीवरचा मान यंदाही आपलाच, आणि परवाच एका गुन्हेगाराला पकडून खात्याने तो राखला आहे. टाळ्या पडल्या. मग कोच उठला. पांढराफटक, घामाने डबडबलेला. लोकांना वाटलं म्हातारा गहिवरला. "मार्लिससारखं सरळ माणूस मी पाहिलं नाही," तो म्हणाला आणि त्याला पुढे बोलवेना. बायकांनी डोळे पुसले. मार्लिसला एक फळी भेट मिळाली, तिच्यावर पितळी बिल्ला ठोकलेला. केकवर तिचं नाव क्रीमने लिहिलेलं होतं. बर्नडीनने नावाचा 'मा' असलेला तुकडा कापून तिच्या हातात दिला आणि ती तो उभ्या उभ्या खाऊ लागली. क्रीम फार गोड होतं. तिने सगळा संपवला.

सोमवारी ठरल्याप्रमाणे सगळं उरकलं. गॉर्डीने कोचला बेड्या घातल्या नाहीत. स्वतःच्या गाडीतून, पुढच्या सीटवर बसवून नेलं. सरकारी वकिलाशी बोलणं झालं, आणि कोच तळ्याकाठच्या एका उपचारकेंद्रात दाखल झाला. आजारी माणूस, दुसरं काय! गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना गावाने दोष दिला, कंपन्यांना दिला, काळाला दिला. मोबाइलवरच्या कट्ट्यावर कुणीतरी 'आपण सगळे कोचच्या पाठीशी' असं लिहिलं आणि खाली चारशे लोकांनी लाल बदाम लावले. त्या दोनशे काळज्या कुणी पुसल्या नाहीत. त्या तिथेच खाली राहिल्या. फिस्टरबाईंना ब्रोच परत मिळाला. मंगळवारी मार्लिस कोचच्या घरावरून गेली तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या होत्या आणि बायका काचेची भांडी घेऊन रांगेने पायऱ्या चढत होत्या. सर्वांत पुढे आर्लीन फिस्टर होती.

आयझेयाला सोमवारी दुपारी सोडलं होतं. त्याचा बेल्ट, फोन आणि किल्ल्या कागदी पिशवीतून परत दिल्या आणि मागच्या दाराने बाहेर काढलं, कारण पुढे वार्ताहर उभे होते. त्याला कुणी काही म्हणालं नाही. माफी मागितली की वकील नुकसानभरपाई मागतात, असं खात्याला शिकवलेलं आहे.

बुधवारी मार्लिस शहरात गेली. प्रूइटांचं घर उत्तरेकडच्या एका जुन्या रस्त्यावर होतं. नीटनेटकं, पायरीला नवा रंग. दार आयझेयाच्या आईने उघडलं. लोरेन प्रूइट इस्पितळातल्या कामाच्या कपड्यांत होती, बहुधा नुकतीच परतलेली. मार्लिसने आपलं नाव सांगितलं. लोरेनने दार पूर्ण उघडलं नाही आणि बंदही केलं नाही.

"तो झोपलाय," ती म्हणाली. "आल्यापासून झोपूनच आहे."

"मी खात्यातर्फे आलेली नाही," मार्लिस म्हणाली. "मी आता नोकरीत नाही. मला फक्त सांगायचं होतं की तुमच्या मुलाने काहीही केलेलं नव्हतं, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. आणि खरा माणूस मीच शोधला."

बोलता बोलताच तिला जाणवलं की हे वाक्य तिने गाडीत जुळवलं तेव्हा बरं वाटलं होतं. लोरेन विचार करत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कामावरून आलेल्या बाईला असतो तसा नुसता शीण होता.

"कधी शोधलात?"

"शुक्रवारी."

"सकाळी?"

"दुपारी," मार्लिस म्हणाली. "तीनच्या सुमारास."

"त्याने तुम्हाला शनिवारचं सांगितलं होतं का? की फक्त इतरांना?"

"मला सांगितलं होतं."

लोरेनने मान हलवली. "दोन वर्षं तो पाठीवर वाळूची पोती बांधून ह्या जिन्यावरून वर-खाली करत होता," ती म्हणाली. "खालचे भाडेकरू कंटाळले. शनिवारी मी पहाटे उठून त्याचा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. म्हटलं, सोडतील त्याला. चूक कळली की सोडतात." मग तिने मार्लिसकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत. "बाई, शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?"

हा प्रश्न मार्लिसने आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला होता. लोक त्यावर काय काय करतात, कशी नजर चुकवतात, कशी नको ती माहिती आधी देतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"चर्चच्या हॉलमध्ये. माझा निरोपाचा समारंभ होता. जेवण होतं, आणि... केक होता."

"केक होता," लोरेन म्हणाली. "चांगला होता?"

मार्लिसला रडू फुटायला हवं होतं, निदान गप्प तरी राहायला हवं होतं. पण ऑर्चर्ड फॉल्समध्ये कुणी खाण्याबद्दल विचारलं की एकच उत्तर देतात, आणि ते तिच्या तोंडून निघून गेलं.

"हो," ती म्हणाली. "छान होता."

लोरेन प्रूइटने दार लावून घेतलं.